गरम घडी

ताई: कोपरा! अरे, कोपरा धर, कोपरा! मी काय भिंतीबरोबर घडी घालतेय?

धाकटा: धरलाय की.

ताई: तू धरलायस तो चादरीचा मध्य. कोपरा खाली लोळतोय. पुन्हा धुवायला टाकावी लागणार ही.

धाकटा: टाकू. मशीनला कुठे कंटाळा येतो?

ताई: मला येतो ना! सकाळपासून कितवी पाडलीस? संध्याकाळी हॉटेलची गाडी येऊन उभी राहील दारात. काय सांगू त्यांना, आमचा धाकटा उभ्या उभ्या झोपतो म्हणून?

धाकटा: घोडेसुद्धा उभ्यानंच झोपतात.

ताई: घोडे कामही करतात. चल, ये पुढे. कोपऱ्याला कोपरा. ये, ये... अरे, अंगावर काय पडतोस!

धाकटा: पाय अडकला.

ताई: कशात? फरशीत? बस तू त्या स्टुलावर. तुझ्यापेक्षा मी एकटीनं घातलेली घडी सरळ येईल.

धाकटा: बसतो. ताई, एक गरम घडी दे ना पाठीवर.

ताई: आत्ता तर दिली.

धाकटा: गार झाली ती.

ताई: मांजर झालायस नुसता. थांब, हा टॉवेल निघू दे इस्त्रीच्या प्रेसमधून. बाबांनी लावून ठेवलेली सवय ही. कुणाची पाठ धरली, घाल टॉवेलची घडी. मान धरली, घाल घडी. आईचे गुडघे तर टॉवेलांनीच चालायचे. या लाँड्रीत दुसरं औषध कुणी घेतलंच नाही कधी.

धाकटा: बाबांनी घेतलं की. शेवटी.

ताई: ते दुखणंच तसं होतं. वाक जरा, कॉलरमधून आत सरकवते. चटका बसतोय का?

धाकटा: नाही. छान वाटतंय. दाबून धर. अजून. आत उतरू दे.

ताई: गाठोडं उचलताना लचकलेली पाठ आहे ती. इतके महिने कशी दुखते रे? त्या डॉक्टरांना पुन्हा दाखव म्हटलं तर ऐकत नाहीस.

धाकटा: ते म्हणतात, गोळ्या बंद करा, व्यायाम करा. त्यांना काय जातंय! ओल्या चादरींचं गाठोडं उचलून दाखवावं त्यांनी एकदा.

ताई: नाक किती खाजवतोस? सर्दी झालीय का?

धाकटा: नुसती खाज आहे. धूळ असेल.

ताई: लाँड्रीत धूळ! ऐकलं तर शेजारचा शिंपीही हसेल. माझ्याकडे बघ. वर बघ. डोळे उघड नीट.

धाकटा: उघडेच आहेत.

ताई: धाकट्या.

धाकटा: हं.

ताई: तुझ्या डोळ्यांतली काळी बाहुली कुठे गेली? मोहरीएवढी झालीय.

धाकटा: उजेड आहे ना.

ताई: उजेड मलाही आहे. बाबांचे डोळे व्हायचे असे, शेवटी शेवटी. पट्टी लावली की. नाकही असंच चोळायचे... शर्ट वर कर.

धाकटा: ताई, काहीतरीच काय.

ताई: वर कर म्हणते ना! मी तुला उघडा नाचताना पाहिलाय. लाज कसली?

धाकटा: ओढू नकोस. अगं, ओढू नकोस!

ताई: ...हे काय आहे?

धाकटा: पट्टी आहे. दुखण्याची. दुकानात मिळते तसली.

ताई: दुकानातली नाही ही. हीच गुंगीची पट्टी मी बाबांच्या छातीवर माझ्या हातानं लावायचे. मला सांगतोस? आणि ही खाली दुसरी! दोन?

धाकटा: एकीनं भागेना.

ताई: बाबांच्या उरलेल्या पट्ट्यांचा डबा मी तुझ्या हातात दिला होता. औषधाच्या दुकानात परत देऊन ये म्हणून.

धाकटा: दिला की.

ताई: डबा दिलास. आतलं?

धाकटा: आता ओरडू नकोस. जरा पडतो मी त्या टॉवेलांवर. थोडाच वेळ. मग सगळ्या चादरी घालतो घडी करून, तू बस आरामात.

ताई: पडायचं नाही. बसून राहा. मी फोन लावतेय.

धाकटा: कुणाला? दवाखान्यात नको हं. ताई, गाडी आली तर सगळी गल्ली गोळा होईल. हिलाही कळेल.

ताई: तुझ्या बायकोला कळायलाच हवं.

धाकटा: माझी आई ना तू? लहानपणी खिडकीची काच मी फोडली आणि तू...

ताई: ती काच होती. गप्प बस. हॅलो? हॅलो, रुग्णवाहिका हवीय. माझा भाऊ... त्यानं पाठीला औषधाची पट्टी लावलीय. वडिलांची. दोन लावल्यात. झोप येतेय त्याला सारखी.

फोनवरची: पत्ता सांगा आधी.

ताई: बाजाराच्या मागची लाँड्री. पाण्याच्या टाकीसमोर. निळं शटर आहे.

फोनवरची: गाडी निघतेय. तुम्ही फोन ठेवू नका, स्पीकरवर टाका. ते बोलतायत?

ताई: बोलतोय. नको तितकं बोलतोय.

फोनवरची: चांगलं आहे, बोलत ठेवा. श्वास कसा चाललाय?

ताई: हळू आहे. जडच आहे जरा.

फोनवरची: आधी पट्ट्या काढा. हाताला कापड गुंडाळा, नुसत्या बोटांनी धरू नका. काढली की आतल्या बाजूनं दुमडून बाजूला ठेवा. जागा साध्या पाण्यानं धुवा, गरम पाणी नको.

ताई: कापडाला काय तोटा इथे. बस सरळ. हालू नकोस रे!

धाकटा: अंगावरचे केस ओढतेस तू.

ताई: केस येतील परत. ही एक निघाली. ही दुसरी. पाणी ओतते, गार आहे.

धाकटा: आई गं!

फोनवरची: आणखी लावल्यात का कुठे? दंडावर, मांडीवर? विचारा.

ताई: आणखी आहे का रे? खरं बोल.

धाकटा: तीन लावल्या होत्या. मोजल्यास ना तू?

ताई: दोनच निघाल्या.

धाकटा: मग पडली असेल कुठेतरी.

ताई: कुठे पडेल? अंगाखाली नाही, शर्टात नाही... थांबा हं बाई. हा टॉवेल बघते.

फोनवरची: कुठला टॉवेल?

ताई: आहे. टॉवेलला चिकटलीय.

फोनवरची: बाई, त्या जागेवर काही शेक दिला होता का? गरम पिशवी वगैरे?

ताई: ...टॉवेल. प्रेसमधून काढून. आमच्याकडे गरम घडी म्हणतात.

फोनवरची: किती वेळ?

ताई: सकाळपासून. गार झाली की दुसरी द्यायचे.

फोनवरची: तो काढून टाका. गरमीनं पट्टीतलं औषध भराभर अंगात उतरतं. म्हणून झोप वाढलीय.

ताई: मीच दिला तो. वर दाबूनही धरत होते.

फोनवरची: ते आत्ता बाजूला ठेवा. आत्ता मला एवढंच सांगा, पट्टीशिवाय त्यांनी काय घेतलंय? हे कळायलाच हवं.

ताई: ऐकलंस? काय घेतलंस आणखी?

धाकटा: काही नाही.

ताई: माझ्या डोळ्यांत बघून सांग.

धाकटा: काही नाही म्हणजे... जेवलो.

ताई: धाकट्या, थोबाडीत खाशील.

धाकटा: खाल्लीच आहे लहानपणी. झोपेची गोळी घेतली. हिच्या डबीतली. तीही डॉक्टरांनीच लिहून दिलेली आहे, मी काही चोर नाही.

फोनवरची: एक का दोन? कधी?

धाकटा: रात्री एक. सकाळी एक. सकाळी, कारण रात्रीची लागू पडली नाही.

ताई: झोपेची गोळी सकाळी कोण घेतं?

धाकटा: झोप नको होती गं. अंगात जे धावतं ना सारखं... ते बसायला हवं होतं. मुंग्या ग्लासात घातल्या की काचेवर कशा चढतात? तसं पायांतून. उभं राहवत नाही, बसवत नाही.

ताई: आणखी?

धाकटा: खोकल्याचं औषध.

ताई: तुला कुठे खोकला आहे?

धाकटा: तेच तर. लागू पडलं बघ.

ताई: हसू नकोस. बाई, खोकल्याचं औषध आहे म्हणतो. आणि झोपेची गोळी.

फोनवरची: नसांसाठीची एखादी गोळी? पाठीच्या डॉक्टरांनी दिलेली?

धाकटा: या बाईला कसं कळलं? ताई, हिला सगळं ठाऊक आहे!

ताई: ती पण घेतलीस?

धाकटा: ती तर माझीच आहे. माझ्या नावानं. सगळं डॉक्टरांचं आहे गं, ताई. वेगवेगळ्या डॉक्टरांचं, पण डॉक्टरांचंच. मी कुठे गुत्त्यात जाऊन बसलो? कुठे गल्लीत कुणाकडून पुडी आणली? मी सगळं घरातलंच घेतलं.

ताई: घरातलंच. हो बाबा, घरातलंच. आता टेक इथे भिंतीला. डोळे मिटायचे नाहीत.

फोनवरची: छान, हे सगळं मी गाडीतल्या माणसांना कळवते. तुम्ही बोलत राहा त्यांच्याशी. नाव घेऊन हाक मारा. आणि चहा, कॉफी, काही पाजू नका. अंघोळही नको.

ताई: बोलते. ए, बघ इकडे. आपण चादरीखाली लपायचो, आठवतं? वाळत घातलेल्या? तू एकदा सगळ्या ओल्या चादरी ओढून खाली पाडल्यास, आणि बाबा आले.

धाकटा: तू म्हणालीस, वारा होता.

ताई: वारा होताच.

धाकटा: पानही हलत नव्हतं. बाबांनी झाडाकडे बघितलं, मग तुझ्याकडे. आणि म्हणाले, बरोबर, फार वारा आहे...

ताई: आणि मग? मग काय झालं? ए! मग?

धाकटा: मग... धुतल्या परत.

ताई: कुणी?

धाकटा: तू.

ताई: मीच. नेहमी मीच. सांग, पुढे सांग. मला एकटीलाच बोलायला लावतोस?

धाकटा: तुझा आवाज... गोड आहे, ताई. ऐकत राहावंसं... वाटतं...

ताई: धाकट्या! बाई, त्यानं मान टाकली. पण घोरतोय. झोप लागली बहुतेक. श्वास मोठा आहे, घोरतोय चांगला.

फोनवरची: ते चांगलं घोरणं नाही. हलवा त्यांना. जोरात. खांदा हलवा, छातीच्या हाडावर मूठ वळून घासा.

ताई: ऊठ! ए! ऊठ म्हणते ना! नाही हो. डोळे अर्धे उघडे आहेत, बघत नाहीये कुठे.

फोनवरची: मागे कसला आवाज येतोय एवढा?

ताई: प्रेसचा. वाफेचा आवाज आहे तो.

फोनवरची: बंद करा. मला त्यांचा श्वास ऐकायचा आहे.

ताई: करते... केली.

फोनवरची: फोन त्यांच्या तोंडाजवळ धरा. हं. कळतंय. श्वासात फार अंतर पडतंय. बाई, त्यांना जमिनीवर उताणं झोपवा. डोक्याखालचं सगळं काढा.

ताई: जड झालाय हो हा. एवढा जड नव्हता कधी. झोपवलं. ओठ... ओठ निळे झालेत. देवा, देवा, आता नको. असं नको.

फोनवरची: ऐका. मी सांगते तसं करायचं. कपाळावर एक हात, हनुवटी वर उचला. नाक चिमटीत धरा. तुमचं तोंड त्यांच्या तोंडावर ठेवा आणि फुंका. छाती वर येते का बघा.

ताई: आली. छाती आली वर.

फोनवरची: पुन्हा. थांबा... पुन्हा. घाई नको. मी सांगेन तेव्हा.

ताई: गाडी कुठे आहे?

फोनवरची: बाजाराच्या वळणावर. फुंका. बोलू नका, फुंका.

ताई: ...

फोनवरची: फुंका.

ताई: ...

फोनवरची: छान जमतंय. फुंका. ऐकतेय मी, श्वास आत जातोय. फुंका.

ताई: शटर... कुणीतरी शटर वाजवतंय!

फोनवरची: आमचीच माणसं आहेत. त्यांना येऊ द्या. तुम्ही बाजूला व्हा आता. फार चांगलं केलंत.

(रुग्णालयातली खोली. काही दिवसांनी, दुपारी. खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला.)

धाकटा: ती खुर्ची सारखी ओढू नकोस. डोक्यात जाते.

ताई: मी बसलेय जागच्या जागी. आवाज तुझ्या पलंगाचा आहे. किती कुशी बदलशील?

धाकटा: मी नाही बदलत. पाय बदलतात. बघ, बघ कसे हलतात. माझे नाहीतच ते. घाम येतो, मग थंडी. वर जांभया.

ताई: नर्स म्हणाली, जाईल हे. रोज थोडं थोडं.

धाकटा: तिचे पाय शांत आहेत, म्हणून म्हणते. ही कुठे आहे?

ताई: बाहेर बाकावर. आधी खूप रडली. आता तुझ्यावर चिडलीय. मी म्हटलं, बरं झालं, चिडलेली बरी.

धाकटा: नर्स सांगत होती. तू तोंडानं फुंकून श्वास दिलास म्हणे मला, गाडी येईपर्यंत.

ताई: दिला.

धाकटा: सकाळी कांदा खाल्ला होता मी.

ताई: कळलं मला. गप्प पड.

धाकटा: ताई, ऐक ना. माझं जाकीट कुठे आहे?

ताई: घरी. का?

धाकटा: जरा घेऊन ये. थंडी वाजते.

ताई: हे घे पांघरूण.

धाकटा: पांघरूण नको. जाकीट.

ताई: जाकिटाच्या अस्तरात होत्या त्या पट्ट्या काढल्या मी.

धाकटा: ...तू अस्तर उसवलंस?

ताई: शिंप्यानं उसवलं. शेजारी असून काही उपयोग नको? मी नुसतं म्हटलं, आत काहीतरी टोचतंय. तो बिचारा पुन्हा शिवूनही देतो म्हणाला.

धाकटा: एकच हवी होती. अर्धी सुद्धा चालली असती. तुला माहीत नाही आत काय चाललंय. पाठ खरंच दुखते गं. तुम्हाला सगळ्यांना वाटतं, नाटक आहे.

ताई: मला नाही वाटत. गाठोड्याखाली तू पडलास तेव्हा मी समोर होते. दुखणं खरं आहे. डॉक्टरांशी बोललेय मी. पाठीसाठी वेगळं बघणार आहेत, ह्या तगमगीसाठीही देणार आहेत काहीतरी. पण त्यांच्या हातानं. डबे ना तुझ्याकडे, ना माझ्याकडे.

धाकटा: तुझ्याकडे का नको?

ताई: कारण तू मागितलंस की मी देते. तुला माहीत आहे ते. मलाही कळलं आता.

धाकटा: त्या टॉवेलांचं मनाला लावून घेऊ नकोस. मीच मागत होतो ते.

ताई: तू मागत होतास. द्यायला मी धावत होते. तुझं तोंड असं सैल पडायचं, मला वाटायचं, बरं वाटतंय माझ्या लेकराला.

धाकटा: बरंच वाटत होतं. तेच तर वाईट.

ताई: आणखी कुठे ठेवल्यात ते सांग आता.

धाकटा: नाहीत.

ताई: जाकिटातल्या मोजक्याच होत्या. बाबांच्या डब्यात जास्त होत्या.

धाकटा: लावल्या मी त्या.

ताई: बरं. मग उद्या मी लाँड्री उघडते. तुझ्या मुलीला शाळेतून आल्यावर मी तिथेच बसवते. नेहमीसारखी लोळेल टॉवेलांवर, शोधेल कोपरेन्‌कोपरे, उलथंपालथं करेल. तू म्हणतोस नाहीत, तर मला काळजी नको.

धाकटा: तिला तिथे बसवू नकोस.

ताई: का रे? काळजी नको ना मला?

धाकटा: प्रेसच्या गादीखाली.

ताई: कुठे म्हणालास?

धाकटा: प्रेसची गादी. डाव्या टोकाला शिवण सुटलीय, तिथून आत. वापरलेल्या पण तिथेच आहेत, दुमडून. बाहेर टाकायची भीती वाटायची. तिथे कुणी हात घालत नाही. फक्त तू असतेस, आणि तू वरूनच काम करतेस.

ताई: म्हणजे रोज माझ्या हाताखाली.

धाकटा: हो.

ताई: वरून मी चादरी काढत होते आणि खाली ते.

धाकटा: ओरड ना. तू ओरडत नाहीस तेव्हा मला जास्त भीती वाटते.

ताई: ओरडायला त्राण नाही रे. सगळी हवा तुझ्यात फुंकली.

धाकटा: ...हसवू नकोस. पाठीत कळ येते.

ताई: जाताना त्या नर्सलाच विचारते, कसं काढायचं आणि कुणाला द्यायचं ते. ती म्हणेल तसं. या वेळी माझ्या हातानं परत देईन.

धाकटा: दे. आणि लवकर दे. मी पुन्हा काही म्हणायच्या आत. उद्या म्हणेन बघ, मी खोटं सांगितलं, तिथे काही नाही म्हणून. ऐकू नकोस.

ताई: नाही ऐकणार.

धाकटा: रडलो तरी?

ताई: रडलास तरी.

धाकटा: ताई, हे पाय बघ ना. थांबतच नाहीत. पाठ तर आतून कुणी पिळतंय. त्या चादरीसारखी. काहीतरी कर. घडी... नको. तसलं काही नको. पण काहीतरी ठेव पाठीवर.

ताई: काय ठेवू?

धाकटा: हात ठेव.

ताई: वळ त्या कुशीवर. हं. इथे?

धाकटा: जरा खाली. तिथे. गार आहे गं तुझा हात. कधीच गार नसतो.

ताई: प्रेस बंद आहे ना इतके दिवस. काढू का?

धाकटा: नको. राहू दे.